माझ्या वाटणीचं कालवण

१३ सप्टेंबर १९८२

एका वेळेला अर्धीच भाकरी! डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. भात तर बंदच. रक्तात साखर आहे म्हणे. म्हणून एवढी तहान लागते, म्हणून पायाच्या अंगठ्याची जखम पोळ्यापासून भरत नाही.

मी विचारलं, मग पोट कशानं भरायचं? म्हणाल्या, "डाळ खा, पालेभाजी खा, अंडी, मटण. कालवण जास्त, भाकरी कमी."

घरी येईस्तोवर मला हसू येत होतं. आमच्या घरात कालवण जास्त कोण खातं? हे. मग यांच्या आई, आत्याबाई, त्याही थोडंच घेतात. मी शेवटी बसते. पातेलं पुसून जे निघेल ते, मिरचीचा ठेचा आणि भाकरी. भाकरी मात्र पोटभर. तेवढीच माझी होती. नेमकी तीच काढून घेतली.

१७ सप्टेंबर

यांच्या कचेरीत आज मुक्तिदिनाचा झेंडा होता. लातूर जिल्हा होऊन महिनाच झालाय, बसायला खुर्च्या अजून यायच्यात म्हणे. यांना नांदेडहून इकडं बदलून घेतलं आणि आम्ही दोन खोल्यांत येऊन पडलो. नांदेडला गोदावरी तरी होती. इथं नळाला धार नाही. पाऊसही यंदा तोंड दाखवून गेला.

पण शेजारीण चांगली मिळाली. लक्ष्मम्मा, देगलूरकडची. बोलता बोलता मधेच तेलुगूत जाते. तिला साखरेचं सांगितलं तर म्हणाली, "मग तुला काय आवडतं ते करून खा की."

मला काय आवडतं?

यांना वजडी आवडते. आत्याबाईंना हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. माझं काय ते मला सांगताच आलं नाही. लक्ष्मम्मा वाट बघत राहिली. मी म्हटलं, दूध उतू जाईल, आणि आत आले. चुलीवर दूध नव्हतंच.

२० सप्टेंबर

अंबाडीची भाजी केली. ज्वारीच्या कण्या घातल्या नाहीत. लक्ष्मम्मानं सांगितलं तशी तुरीची डाळ घातली आणि वरून लसणाची फोडणी. आत्याबाई म्हणाल्या, "कण्या न्हाईत? ही काय भाजी हाय?" पण संपली. माझ्यापर्यंत आली तेव्हा दोन चमचे होती.

१० ऑक्टोबर

मेथीचा घोळाणा. कच्ची मेथी बारीक चिरून, कांद्याची पात, दाण्याचं कूट, मीठ, वरून तेल. यांना कच्चा पाला नको असतो, आत्याबाईंना दात नाहीत. वाटीभर मी एकटीनंच खाल्ला.

मला घोळाणा आवडतो. लिहून ठेवते.

२४ ऑक्टोबर, रविवार

हे बाजारातून बकऱ्याची वजडी घेऊन आले. गरम पाण्यात दोनदा धुतली, खरवडली, खोबरं-लसूण वाटून रस्सा केला. छान वास सुटला होता. वाढायच्या आधी मी एक वाटी माझ्यासाठी काढली आणि ताटलीखाली झाकून ठेवली. शेवटी काही उरत नाही म्हणून.

आत्याबाईंनी ताटली उचलली.

"हे कुणाचं?"

"माझं."

"बाईनं आधी काढून ठेवायचं असतं व्हय? घरातल्या माणसानं अजून घास घेतला न्हाई."

हे हात धुऊन बसले होते. ऐकलं त्यांनी. म्हणाले, "जाऊ द्या ना माय, दवा म्हणून खाऊन राहिली ती." आणि जेवायला लागले. तेवढंच.

मी ती वाटी परत पातेल्यात ओतली. कुणी ओत म्हटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

दोन भाकरी खाल्ल्या. ठेच्याबरोबर. कोण भांडत बसणार.

२ डिसेंबर

आजही दोन. अंगठा ठणकतो.

७ डिसेंबर

अंगठा काळा पडायला लागलाय. आज हे बरोबर आले. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत, यांच्याशीच बोलल्या. "असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल. मग पाऊल. हिला घरी खायला काय देता?"

हे आठवून बघत असावेत. मी काय खाते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही, ते उठून गेल्यावर मी बसते.

परत येताना घराजवळ आल्यावर म्हणाले, "केवळा, तू मला सांगायचं."

मी म्हटलं, "काय सांगायचं? मला कालवण वाढा म्हणून?"



८ डिसेंबर

यांनी अंडी आणली. आत्याबाईंच्या समोर माझ्या हातात पुडी दिली. "ही केवळाची. दुसऱ्या कुणी खायची न्हाईत, मी पण न्हाई." आणि लगेच बाहेर निघून गेले.

आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी एक उकडलं. सोललं, मीठ लावलं.  त्यांच्या समोरच बसून खाल्लं. लपवून खायचं नाही असं ठरवलंय.

१४ जानेवारी १९८३

येळवस, वेळ अमावस्या. यांच्या कचेरीतल्या माणिकप्पांनी शेतावर बोलावलं होतं. पिकं गुडघ्याएवढीच, पावसाविना करपलेली. तरी लोकांनी सण केला. एवढ्या लोकांत आत्याबाई बांधाच्या कडेला जाऊन बसल्या होत्या. माणिकप्पांच्या बायकोनं हाताला धरून मधे आणलं, "इथं बसा मावशी, तिकडं काय ऊन खाता?"

शेतात सगळे एकदमच बसतात, बाया काय अन् माणसं काय. भज्जी वाढली. वाल, वाटाणे, हरभरा, तूर, मेथी, गाजर, सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. भाकरी न घेता मी दोन वाट्या खाल्ल्या. कुणाचं लक्षही नव्हतं. हे शेजारीच बसले होते. मी जेवताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. म्हणाले, "तुला भज्जी लई आवडते की."

हाव, आवडते. घोळाणा आणि भज्जी. दोन झाल्या.

१९ फेब्रुवारी

अंगठ्याला नवी कातडी धरली. गुलाबी, लहान मुलासारखी. रोज बघते.

१२ मार्च

टँकर आला तर पाणी. पालेभाजी धुतलेलं पाणी गाळून भांड्यांना वापरते. भाजीही महाग आणि पिवळी. लक्ष्मम्मानं आणि मी मिळून मुगाचे सांडगे घातलेत, अंबाडी वाळवून ठेवलीय. सांडग्यांची आमटी आता सगळ्यांना एकसारखी वाढते. हे स्वतःहून म्हणतात, "तुझं काढलं का?"

आत्याबाई काही म्हणत नाहीत. नुसत्या माझ्या ताटाकडं बघतात. पूर्वी बोलायच्या ते परवडलं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक दारावरून गेली. खीर केली आणि चमचाभरच घेतली. लक्ष्मम्मा म्हणाली, एवढीशी? मी म्हटलं, मला एवढीच. खरंच वाईट वाटलं नाही.

५ मे

डॉक्टरीणबाई आज हसल्या. साखर उतरलीय. अंगठा शाबूत. "काय खाल्लंस?" विचारलं. मी सगळं सांगत गेले — सांडगे, दाण्याच्या कुटाचा म्हाद्या, दोडक्याच्या सालीची चटणी, भाजलेली सुकट. बाहेर रांग होती तरी ऐकत राहिल्या.

२२ मे

आज दुपारचं लिहिते.

मी आणि आत्याबाई शेंगा फोडत बसलो होतो. बाहेर ऊन रखरखत होतं. त्या आपल्याआपणच बोलायला लागल्या. मला वाटलं, पुन्हा माझ्या ताटावरून काही असेल.

"रामकिशनच्या पाठीवर मला पोरगी झाली होती. कोंडाबाई नाव ठेवलं. तुला कुणी सांगितलं नसंल."

नव्हतं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनीही कधी पाठच्या बहिणीचं नाव काढलं नाही.

"बाळंतीण होते तरी सासूनं कालवण दिलं न्हाई. आधी गडी, मग पोरं. मला भाकर, पाण्यात कालवून. दूधच आलं न्हाई. पोरगी रडून रडून गप झाली." शेंग फोडायचा हात थांबला नाही. "घरात त्या दिवशी मटणाचं वशाट शिजलं होतं. मी स्वतः शिजवलं होतं. चुलीपुढं मी एकटी. एक वाटी काढून घेतली असती तर कोण बघणार होतं?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही तरी काय करणार होता?"

"तू ती वाटी ताटलीखाली झाकून ठेवली होतीस ना, तवा मला कसं तरी झालं. तुझ्यावरच चवताळले." मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच न्हाई, घेता येतं म्हणून."

मी त्यांच्या सुपातल्या शेंगा माझ्या सुपात ओढून घेतल्या आणि फोडत राहिले. त्या भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटून.

२३ मे

यांना काही सांगितलं नाही. सांगायचं असेल तर त्या सांगतील. स्वयंपाक नेहमीसारखा. हुलग्याचं माडगं केलं, त्यांना आवडतं म्हणून. त्यांनी पेला माझ्याकडं सरकवला, "आधी तू चाख."

५ जून, रविवार

यांना यायला उशीर होता. आत्याबाईंनी पातेलं स्वतः उतरवलं, दोन ताटं घेतली, दोन्हींत सारखं कालवण वाढलं. "बस," म्हणाल्या. आम्ही बसलो. निम्मं जेवण झालं असेल, तेवढ्यात हे दारात आले. मी सवयीनं उठायला लागले. आत्याबाईंनी माझं मनगट धरून खाली बसवलं आणि मान वर न करता लेकाला म्हणाल्या, "थांब जरा. बाया जेवून राहिल्या."