चौकटीतला नियम

प्रिय सुधाकर,

तू गेल्यावर तुला काही लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. माझी डायरी आहे, तिच्यात मी स्वतःशी पुरेसा बोलतो. पण आपल्या खेळाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे. तुझ्या मामेभावानं लंडनहून पाठवली. पार्सलवर नाव तुझंच. येत्या रविवारी पंच म्हणून तुझ्या खुर्चीत मला बसायचं आहे आणि कोणत्या नियमांनी खेळायचं ते ठरवायचं आहे. त्यातल्या एका नियमापायी विमलवहिनी टेबलावरून उठल्या त्या उठल्याच. म्हणून हे पत्र. दुसऱ्या कोणाला विचारू?

हा खेळ लोकांना समजावून सांगताना तू किती थकायचास, आठवतं? पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं पंच होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस आता काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. कॉलनीतले म्हणायचे, यापेक्षा पत्ते बरे, निदान हातात तरी असतात. पुस्तकात किल्ले होते, बर्फ होता. तू बर्फ काढून टाकलास आणि वैनगंगा आणलीस. भद्रावतीच्या तुझ्या क्वार्टरमधल्या जेवायच्या टेबलाभोवती आपण चौघं: तू, वहिनी, तुझ्या शेजारचा रमेश, आणि चंद्रपूरहून एस.टी.नं येणारा मी.

त्या पुस्तकात काही नियम चौकटीत छापले होते. घ्यायचे तर घ्या, नको तर सोडा. त्यांना मराठीत काय म्हणायचं यावर आपण दोघांनी अख्खी दुपार घालवली आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द काढला. कॉलेजातला शब्द. तिथेच आपण फसलो का रे? कारण शब्दामागून कॉलेजचा कायदाही आला. ऐच्छिक विषय जूनमध्ये निवडायचा, मग वर्षभर बदल नाही. बी.ए.ला मी घाईत तर्कशास्त्र घेतलं आणि आठवड्यात पस्तावलो, तेव्हा हेडक्लार्कनं मला हेच ऐकवलं होतं. ती हकीकत तुला फार आवडायची. त्या दिवसापासून तू गोष्ट सुरू होण्याआधीच एकेक चौकट वाचून प्रत्येकाला विचारायला लागलास: घ्यायचा का? एकदा उत्तर दिलं की त्या गोष्टीपुरतं ते पक्कं.

सामानाच्या ओझ्याचा नियम कोणीच घेतला नाही. प्रत्येकाच्या माणसाला एखादा हुन्नर असावा, हा सगळ्यांनी घेतला. म्हणून तर वहिनींची हिरा नावाडीण झाली. तिसरी चौकट पडलेल्या माणसाची होती. मूळ नियम असा की जिवाचे गुण संपले की माणूस मेला. चौकटीत म्हटलं होतं, त्यानं लगेच मरू नये, सोबत्यांना त्याला वाचवायला थोडा वेळ मिळावा. रमेश म्हणाला, मग भीती कशाची राहील? मीही नको म्हणालो. वहिनी तेव्हा नुकत्याच दवाखान्याची ड्यूटी संपवून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दिवसभर वाचवणंच चालू राह्यते, भाऊ. इथी तरी सोपं राहू द्या. पडला तं मेला.”

आणि पडली ती त्यांचीच हिरा. पुरात अडकलेल्यांना काढताना. रमेशचा माणूस काठावर आला, माझा आला, शेवटच्या फेरीत नाव उलटली. वहिनी फाशाकडे पाहत राहिल्या. मग तुला म्हणाल्या, “तो चौकटीतला नियम आता घ्या ना.”

“जूनमंधी नाई म्हणलं ना, विमल?” तू म्हणालास. आणि हसलास. हसला नसतास तर किती बरं झालं असतं! वहिनी उठल्या, त्यांनी चहा ठेवला. पुढे दर रविवारी चहा टेबलावर येत राहिला, त्या आल्या नाहीत. तू नियमाला धरून वागलास, असं मी तेव्हा मानत होतो. तूही मानत होतास ना?

आता नव्या पुस्तकाबद्दल. ओझ्याचा नियम गळला आहे. हुन्नराचा सरळ मुख्य प्रकरणात आला आहे. आणि पडलेल्या माणसाचाही. चौकट गेली, ‘वाटल्यास’ गेलं, आता तोच नियम. प्रस्तावनेत म्हटलं आहे की बहुतेक ठिकाणी लोक असंच खेळत होते, म्हणून ते मुळात घेतलं. म्हणजे कुठल्या कुठल्या टेबलांवर लोक पडलेल्यांना वेळ देत होते, आणि त्यातून नियम झाला. तू विचारलं असतंस, “आपल्याले कोणी विचारलं?” मला ते ऐकूच आलं.

पण दुसरंही आठवलं. एकदा मला बसस्टँडवर सोडायला येताना तू छप्पन सालाबद्दल बोलत होतास. आपण शाळकरी होतो. आपल्या आईबापांनी नागपूरला उभं राहून स्वतःच्या तोंडानं धम्म घेतला. त्यांना तो निवडावा लागला. आपल्या मुलांना तो जन्मापासूनचा. “पोराइले वाटते आपण पहिल्यापासूनच असे आहो,” तू म्हणालास. “कोणीतरी हे घेतलं होतं, हे त्याइले सांगा लागते.” नव्या पुस्तकातून खेळ शिकणाऱ्याला कोण सांगेल, की इथे एक चौकट होती?

म्हणून मी जुनं पुस्तक काढून पुन्हा नीट वाचलं. सुधाकर, तुझं चुकलं होतं रे. चौकटींच्या आधीच लिहिलं आहे की हे नियम केव्हाही घ्यावेत, केव्हाही सोडावेत, खेळ चालू असतानासुद्धा. फक्त सगळ्यांची संमती असावी. जून कुठेच नव्हता. तो आपला होता.

हे वहिनींना सांगावं का? तू उत्तर द्यायला नाहीस. तुझ्यामागे तुझी चूक तुझ्या बायकोला दाखवायला जाणं मला बरं वाटेना. न सांगता तुझ्या खुर्चीत बसणं त्याहून वाईट वाटलं. शेवटी परवा गेलो. दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं.

त्यांनी जुनं उघडलंच नाही. “मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी संध्याकाळी वाचलं होतं मी.”

मग तुला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“सांगतलं असतं तं त्याइनं हिराले तवाच उठवलं असतं. आन् महिनाभर माफी मागत बसले असते.” इथे त्या थोडं हसल्या. “पण नाई म्हणणारी मीच होती ना, वसंतभाऊ. माहं नाई मी कायले मोडू?”

“मग राग कशाचा होता, वहिनी?” मी म्हणालो.

नव्या पुस्तकातलं पडलेल्या माणसाचं पान त्यांनी वाचलं. चामोर्शीच्या बसस्टँडवर तू खाली बसलास तो उठलाच नाहीस, तेव्हा त्या तुझ्या शेजारी होत्या. इतक्या वर्षांची नर्स, आणि हात लावायलाही वेळ मिळाला नाही. पुस्तक मिटून म्हणाल्या, “त्याइनं एकदा टेबलाभोवती विचारावं, एवढंच वाटलं होतं. घ्यायचा का, म्हणून. मी नाईच म्हणलं असतं.”

एवढंच, सुधाकर. तुला हे कळायला हवं होतं. त्यांनी तुला सांगायला हवं होतं आणि तू विचारायला हवं होतंस. आता कोण कोणाला बोल लावणार?

हिराला उठवायचं नाही, हे वहिनींनी निघताना बजावलं आहे. मी उठवणार नाही. नव्या नियमानं खेळू, पण पुस्तकाला आता गरज वाटत नसली तरी मी विचारीन: सुरुवातीला विचारीन, आणि कोणी पडलं की खेळ थांबवून पुन्हा विचारीन. रविवारी वहिनी बसतील की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनाही विचारीन. नाही म्हणाल्या, तर पुढच्या रविवारी परत विचारीन. हा माझा तुला शब्द.

तुझा,
वसंत