नळीवरची हळद

॥ श्री जिनाय नमः ॥

यंदा खंडेनवमीच्या सकाळी बंदूक पाटावर ठेवून मी तिला हळद लावली, आणि त्याच वेळी मृत्युपत्र करायचे मनात आले. ते आज करीत आहे.

मी, नेमिनाथ आदगोंडा मगदूम, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार मौजे नांदणगाव, तालुका शिरोळ. दुखणे छातीचे आहे, डोके ठिकाणावर आहे. बुधवारी मिरजेला ऑपरेशन आहे. पुढचे माझ्या हाती नाही.

१. राहते घर व मळा पत्नी पद्मावती हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर मुलगा भूपाल व मुलगी चंदना यांना निम्मेनिम्मे. चंदनाला "लग्नात दिलंय की" असे कोणी ऐकवू नये.

२. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी वडिलांनी व चुलत्यांनी ठरवली तशीच चालेल. चुलतभाऊ बाबगोंडा पाळी मोडतो, हे खरे. माझ्या बांधावरची बाभूळही त्यानेच तोडली. ते मी विसरलेलो नाही. पण पाण्यापायी माणूस मारायचा नसतो.

३. बंदूक. उसातली डुकरे हुसकावण्यासाठी वडिलांनी घेतली. त्यांच्यामागे मी माझ्या नावे परवाना काढला. तिच्यात छर्रा कधी भरला नाही, नुसती दारू. बार ऐकूनच डुकरे पळतात.

त्या सकाळी हळदीचे बोट नळीवरून ओढताना एका ठिकाणी हळद अडकली. पुसली तरी निघेना. कानशीने पाडलेली खाच होती. भूपालला विचारले.

"आखूड करणार हाय. घोंगड्यात मावंल," तो म्हणाला. "बाबगोंडाकाका चार माणसं घिऊन विहिरीवर येतोय. आमी काय हात जोडायचं?"

"आणि परवाना?"

"बंदूक आपली, नळी आपली. ऊस तोडाय कुणाला इचारताव व्हय?"

इचलकरंजीला यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या शमशुद्दीनकडे त्याने ती नेली होती. मी त्याला गाठले. तो म्हणाला, "काका, खूण केली, मग परवाना दाव म्हणलं. गडी बिथारला नि बंदूक घिऊन गेला. मी कापली न्हाय. दुसरा कुणीबी कापंल."

कोल्हापूरच्या वकिलांनी सांगितले की बंदूक परवान्याची असली तरी नळी आखूड करण्याची वेगळी परवानगी लागते. नाहीतर तो गुन्हा. माझ्यामागे बंदूक वारसाला लिहिता येईल, पण परवाना तिच्याबरोबर जात नाही. तो मिळेपर्यंत ती ठाण्यात जमा करावी लागते. मी गेल्यावर ती कोण जमा करणार? भूपाल तर रोज म्हणत होता, "आण्णा, जमीन आईला द्या, बंदूक तेवढी माझ्या नावानं लिवा."

आज सकाळी बस्तीत जिनेश्वराचे दर्शन घेतले आणि बंदूक खुंटीवरून काढली. भूपाल उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"तुमच्यामागं त्यांनी आमाला मारलं तर?"

"तर ठाण्यात जायचं. ती वाट दाखवतो, चल."

तो हलेना. पद्मावती आतून म्हणाली, "वाट सोड रं, त्यास्नी दम लागतोय."

तो बाजूला झाला, आणि मागून आला. बाबगोंडाच्या दाराशी आल्यावर मला खरेच दम लागला. बंदूक भूपालच्या खांद्यावर द्यावी लागली. बाबगोंडा कट्ट्यावर बसला होता. त्याने बंदुकीकडे पाहिले, भूपालने त्याच्याकडे. मी भूपालच्या पाठीवर हात ठेवला. तसाच पुढे चालत राहिलो.

ठाण्यात हवालदाराने नळी मोजली. परवान्यातल्या मापाइतकी भरली. पिवळ्या रेघेवर बोट ठेवून त्याने विचारले, "हे काय?"

मी तोंड उघडण्याआधी भूपाल बोलला. "कापायची खूण हाय, साहेब. कापली न्हाय."

हवालदाराने खाचेवरून नख फिरवले आणि बंदूक जमा केल्याची नोंद लिहिली. मग त्याने बंदूक आत नेली.

सबब बंदूक मी जिवंतपणीच जमा केली आहे. तिच्याबद्दल आता कोणाला काही लिहून देणे उरले नाही.

साक्षीदारांसमक्ष सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

नेमिनाथ आदगोंडा मगदूम

साक्षीदार: १. शमशुद्दीन चमन मुल्लाणी
२. केरबा दादू सुतार

मुक्काम नांदणगाव, ता. ४ नोव्हेंबर १९७४