दुपारचा राब

शुक्रवार, ३ मे. कळंब

काल बाबांचं तेरावं झालं. पाहुणे गेले. घरात मी, आई आणि पातेलंभर उरलेली खीर.

राग येतोय. रडू नाही, राग! राब भाजायचा तो सकाळच्या गारव्यात – भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरायचा, पेटवायचा आणि ऊन चढायच्या आत घरी. चाळीस वर्षं बाबांनी हेच केलं. मग यंदाच दुपारी दोनला का? शेतात चिटपाखरू नव्हतं. वरून ऊन, खालून जाळ. सापडले तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. एवढा शहाणा माणूस, आणि असला हट्ट!

शनिवार, ४ मे

आईने बाबांचा सदरा धुतला. धुराचा वास जात नाही म्हणाली. परत धुतला.

सोमवार, ६ मे

पुण्याहून साहेबांचा फोन – एप्रिलचे नकाशे राहिलेत. लॅपटॉप उघडला. आमचा उपग्रह रोज दुपारी दीडच्या सुमारास इथल्या आकाशातून जातो, हवेतला ओझोन आणि धुरातले वायू मोजतो. त्याचे लाल-पिवळे नकाशे मी करते. खालापूरजवळ एक्स्प्रेस-वेचा पट्टा लालेलाल होता.

तेवढ्यात शेजारची पारूकाकी भाकऱ्या घेऊन आली. नकाशा बघून विचारते, दीडला जाणारं यंत्र ते हेच का? तिला कोणी सांगितलं! मग बोलत बसली. राब सकाळीच भाजा, असं तीही बाबांना म्हणाली होती. बाबा ऐकेनात.

"म्हनं, सकाळचा धूर दुपारपातूर रेंगाळतो, पोरीचं यंत्र जाऊ दे आदी. तिलाच बापाचा धूर दिसला, तर हापिसात खाली मान घालाया लागंल तिला."

दिवाळीत मीच बाबांना नकाशा दाखवला होता. आपला राब पण दिसतो का गं, त्यांनी विचारलं. मी तोऱ्यात म्हणाले – वरून सगळं दिसतं, बाबा! आता आईला कोणत्या तोंडाने सांगू?

मंगळवार, ७ मे

आमच्या नकाशातला एकेक चौकोन पाच-साडेपाच किलोमीटर लांब. एकात अख्खं कळंब बसतं, वर आजूबाजूच्या वाड्या. आमचा एवढासा राब सकाळी पेटला असता, अगदी दीडच्या ठोक्याला पेटला असता, तरी दिसला नसता. मला हे दिवाळीतही माहीत होतं.