परक्या पुढाऱ्यावर करंजमाळचा ठराव

मी, आक्काबाई अजिनाथ दहातोंडे, वय ७२, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली निवृत्त पावती कारकून, राहणार करंजमाळ, तालुका नेवासा, कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सरपंचांना शंका असते.

१. राहते घर व दोन्ही म्हशी सून ज्ञानेश्वरीला. माझा एकुलता मुलगा भागवत परदेशात रुग्णवाहिका चालवत होता. त्या देशाच्या शेजारच्या राष्ट्रप्रमुखाने तिथे फौज घातली आणि भागवतच्या दवाखान्यावर बॉम्ब पाडले. त्यात भागवत गेला. चूक झाली, असे पत्रक निघाले. तिसऱ्या दिवशी तीच चूक दुसऱ्या दवाखान्यावर झाली. ज्ञानेश्वरी मला सोडून माहेरी गेली नाही. घर तिचेच.

२. भिंतीवरचे घड्याळ सरपंच आप्पासाहेबांना. दवाखान्यांवर बॉम्ब पाडणारा असा परका पुढारी आपल्या देशात पाहुणा म्हणून आला, तरी त्याला धरून खटला चालवता यावा, असा कायदा संसदेने करावा, हा ठराव मी ग्रामसभेत मांडला. आप्पासाहेब म्हणाले, "आक्का, त्यो करंजमाळला कशाला येतोय? गटाराचा इषय घ्या."

मी म्हणाले, "गटार तर गावातच हाय. त्याचं तरी काय केलं तुमी?"

ठराव मंजूर झाला. सव्वा तास वाया गेला, असे ते अजून सांगतात. म्हणून घड्याळ.

३. ठरावाला उत्तर म्हणून एका मंत्र्यांच्या कार्यालयाने कळवले, "आपल्या पाणीप्रश्नाची नोंद घेतली आहे." हे पत्र चौकट करून ग्रामपंचायतीत लावावे. पाणीही आलेले नाही.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खासदारांनी मात्र खासगी विधेयक मांडले. त्यांचे उपकार मानते. चर्चा मी टीव्हीवर पाहिली. विरोधात कोणी बोलले नाही, कारण बाकांवर कोणी नव्हते. पुढे लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपले.

४. ठरावाची फाइल नात सृष्टीला. ती नगरला वकिली शिकते. आता नवी लोकसभा आली आहे, तिथे तिने पुन्हा अर्ज करावा. मसुद्यातले राष्ट्रप्रमुखाचे नाव खोडून मी जागा मोकळी ठेवली आहे. तो गादीवरून उतरला. आता दुसराच कोणी दवाखान्यांवर चुका करतो आहे. भागवतचे नाव शाईने लिहिले आहे. ते खोडू नये.

व्यवस्थापक: अ‍ॅड. नाझनीन शेख
साक्षीदार: १. आदिनाथ कर्डिले (सही) २. मुमताज पठाण (सही)
लिहून ठेवणार: आक्काबाई दहातोंडे (सही)
करंजमाळ, ९ डिसेंबर २०२५