जकार्त्यात मी हरवले नव्हते

शराफिया, जेद्दा

थोरल्या आपास धाकट्या अमिरुनचा सलाम आणि पायांवर हात,

अल्लाहच्या करमाने आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा आहे असं जमालुद्दीनने फोनवर सांगितलं, उजव्याचं तो काही बोलला नाही, म्हणजे उजवा दुखत असणार. एरंडाचं पान गरम करून बांधत जा, मुलांच्या मलमांवर जाऊ नकोस. बकरी व्यायली का? माझी साखर ठीक आहे, म्हणजे मी ती तपासत नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच.

तुझ्या लेकाला, जमालुद्दीनला, जकार्त्याला जहाजाच्या कंपनीत नोकरी लागली आणि तो तुला तिथे नेणार, हे ऐकून मी शेजारीपाजारी शेवया वाटल्या. बरोबर काय घ्यावं, काय जपावं ते तू मलाच विचारलंस हे शहाणपणाचं केलंस. आमच्या घरातून पाच माणसं गेली होती, पण जकार्ता बघून आले ती मी एकटी. इब्राहीम, सून आणि दोन्ही नातवंडं फोनमधला नकाशा बघून परत आली.

तर ऐक. छत्री घे. हवा आपल्या हर्णैसारखी ओली आहे. घाम जेद्द्यातही येतो, पण इथल्या घामाला झाडं नाहीत. चहा मागितलास तर बिनदुधाचा येईल, म्हणून दुधाची पावडर पिशवीत ठेव. रस्त्यावर मोटरसायकली मुंग्यांसारख्या, त्या थांबत नाहीत. आपण हात पुढे करून बिस्मिल्ला म्हणायचं आणि सावकाश चालत राहायचं, त्याच वळसा घालून जातात. कुणी मोटरसायकलवाला मागे बसा म्हणाला तर बसू नकोस. (मी बसले होते, म्हणून सांगते.) भाषेची काळजी नको. आमच्या दुकानात जानमाजच्या चटया आणि तसबीहच्या माळा घ्यायला त्यांच्याकडचे हाजी येतात, दुपारी गल्ल्यावर मी असते, त्यामुळे मला छान, स्वस्त, आणखी घ्या आणि शेवटचा भाव एवढं त्यांच्या भाषेत येतं. एवढ्यावर तिथे अख्खा दिवस निघतो. माझा निघाला.

त्या दिवसाबद्दल तुझ्या कानावर भलतंसलतं आलं असेल, म्हणून खरं काय ते लिहिते. निघण्यापूर्वी अफशाँने शर्त घातली होती. (सून गुणाची आहे, पण शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही हजेरी घेते.) मक्केत मी दोनदा दुसऱ्यांच्या घोळक्याबरोबर चालत गेले होते. घोळके चांगले होते, पण ते कोण लक्षात घेतो? म्हणून शर्त अशी, की अम्मी जकार्त्यात एकदा जरी हरवल्या, तर पुढच्या सुट्टीपासून सगळे फिरायला जाणार आणि अम्मी घरी राहणार. वर उपाय म्हणून तिने मला एक ओढणी आणली. अशी पोपटी, की दुसऱ्या मुलखातल्या उंटालाही दिसावी. म्हणाली, आता तुम्ही कुठल्याही गर्दीत ओळखू याल.

तिथल्या मोठ्या मशिदीत नमाज झाली, मला पायरीवर बसवून चौघं फोटो काढायला गेली. आदल्या दिवसापासून अफशाँचं ग्रुप टूर, ग्रुप टूर चाललं होतं. इतक्यात मशिदीतून बसभर बायका बाहेर आल्या आणि आपा, एकूण एक पोपटी. एका गोल चेहऱ्याच्या बाईने माझं कोपर धरलं, मला इबू म्हणाली (म्हणजे आई), आणि बसकडे घेऊन गेली. मला वाटलं, हीच ती टूर. सुनेने रंगसुद्धा जुळवलाय, म्हणून मनातल्या मनात तिला दुआ दिली. बसमध्ये वार्सिनी नावाच्या त्यांच्या पुढारीणबाईने डोकी मोजली. एक जास्त भरलं. पुन्हा मोजली, पुन्हा जास्त. पण पाहुणीला उतरा म्हणायची त्या लोकांत रीत नाही. तिने मोजणं सोडलं आणि मला खिडकीची जागा दिली.

बस गेली ती लग्नघरी. मुलीकडच्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाचे कपडे घालायचे, ही तिथली पद्धत. मागच्या अंगणात नारळ खोवणं चाललं होतं. माझ्या हातांना चैन पडेना, मीही बसले. मग जेवण आलं. नारळाच्या दुधातला भात, केळीच्या पानात भाजलेला मासा. इतकी वर्षं जेद्द्यात मटण-भात खाऊन मी विसरले होते गं. डोळ्यांत पाणी आलं, मी मिरचीकडे बोट दाखवलं. त्यांनी मला कुठून आलात विचारलं असावं, मी म्हटलं शेवटचा भाव. हसून हसून बायका एकमेकींवर पडल्या. नवरीला बघून छान म्हटलं, वाढणाऱ्या मुलींना आणखी घ्या म्हटलं. फक्त स्वस्त हा शब्द लग्नघरात काढला नाही, एवढी अक्कल मला आहे.

दुपारच्या नमाजासाठी बस मशिदीशी परतली, तेव्हा इब्राहीम फाटकापाशी होता आणि अफशाँ पहारेकऱ्याला हातवारे करून सांगत होती, की म्हातारी बाई, पोपटी ओढणी, दुरून दिसते. बसचं दार उघडलं आणि पोपटी म्हाताऱ्या उतरू लागल्या. पहारेकरी अफशाँकडे बघत राहिला. तिने पहिलीला अम्मी म्हणून मिठी मारली, मग दुसरीला. मी सगळ्यांत शेवटी उतरले, हातात पानात बांधलेला मासा. मग वार्सिनीने इब्राहीमला असं झापलं, की शब्द एक कळला नाही पण माझ्या लेकाची मान खाली गेली. आणि झापून झाल्यावर सगळ्यांना संध्याकाळच्या जेवणाचं आमंत्रण. अयानने (नूडल्सशिवाय काही गिळत नाही तो) तीनदा भात घेतला, सानियाला नवरीशेजारी बसवलं, आणि अफशाँचा नवरीबरोबरचा फोटो आता तिच्या फोनवर सगळ्या जगाला दिसतो.

हॉटेलवर आल्यावर मी शांतपणे विचारलं, "मी सावलीत बसून चार माणसांत जेवत होते. तुम्ही उन्हात लोकांना विचारत फिरत होतात. मग हरवलं कोण?"

अफशाँ म्हणाली, "अम्मी, तुम्हाला शोधताना माझे पाय गळाले होते."

मी तिचे पाय चेपून दिले. शर्त मात्र तिने सोडली नाही.

घरच्या लहानथोरांना दुआ-सलाम. गुडघा शेकत जा.

तुझी धाकटी,
अमिरुन

ता.क. शर्तीचा निकाल इब्राहीमने तुझ्यावर सोपवलाय, खाला सांगेल ते खरं, म्हणतो. तो फोन करील. तू एवढंच म्हण, की अमिरुन हरवली नव्हती, आणि पुढच्या सुट्टीत तिला माझ्याकडे जकार्त्याला पाठवा, मला एकटीला तिथलं काही समजत नाही. पत्राच्या आधी फोन आला तर कान दुखतो म्हणून ठेवून दे.

ता.क. दुसरं. तू हज करून आलेली बाई, खोटं कसं बोलू म्हणशील. खोटं नाहीच ते. हॉटेलचा पत्ता आणि इब्राहीमचा नंबर लिहिलेलं कार्ड पूर्ण वेळ माझ्या गळ्यात होतं, कुर्त्याच्या आत. (अफशाँला मी ते खोलीवर राहिलं म्हणून सांगितलंय, तेवढं तू काढू नकोस.) बस सुरू झाली तेव्हाच दाखवणार होते, पण खिडकी चांगली होती. नंतर दाखवणार होते, तोवर समोर केळीचं पान मांडलं, आणि वाढल्या पानावरून उठायचं नाही हे आपल्याला अम्मानेच शिकवलंय.