एकच जागा

प्रिय धाकटे,

पीएचडीसाठी शिष्यवृत्तीची जागा एकच होती आणि अर्ज आपण दोघींनी केले होते. कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत डिटेक्टरच्या तारा जोडायला तुला मीच शिकवलं, म्हणून सरांनी मला तुझ्याबद्दल विचारलं. माझ्या पोटात दुखत होतंच. मी म्हणाले, "हुशार आहे, पण भारी हट्टी. मोजमाप पटलं नाही तर दहादा करते, कुणाचं म्हणून ऐकत नाही."

सर खूश होऊन म्हणाले, "मला अशीच मुलगी हवी होती!"

काल माझ्या गळ्यात पडून तू म्हणालीस, "ताई, तुझ्या शब्दामुळे मिळालं गं!" मी तुझ्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. ते अगदी खरं आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

हे पत्र कधीच न देणारी,
तुझी ताई