उलटी बसलेली सुई

मास्तर, तुमच्या त्या मशीनला काहीच झालेलं नव्हतं. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण गेल्या महिन्यात माझ्या हातून तेच झालं.

ब्लाउजची बाही जोडत होते. चार बोटं शिवण झाली की दोरा तुटायचा. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. कापड उलटून बघितलं तर खाली दोऱ्याचा पुंजका. मी रीळ बदललं, बॉबिन नव्यानं भरली, टेन्शनचा स्क्रू आवळून बघितला, सैल करून बघितला. मग मशीनला शिव्या घातल्या. आता आम्ही नगरला राहतो. सून नागापूरच्या कंपनीत जाते. ती तेवढ्यात घरी आली, खांद्याची पर्सही न काढता वाकली आणि म्हणाली, "आई, त्या मशीनला कशाला बोलताय? सुई उलटी लावलीय तुम्ही."

"तीस वर्षं सुया लावतेय मी."

"लावत असाल. आज उलटी लागलीय. आणि परवा चहात मीठ टाकलं होतंत, तो मी मुकाट प्याले. उद्या डोळे दाखवायचे."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. एक बाही नीट बसवायला मला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात तो काढला. पट्टी निघाली तेव्हा खिडकीचा पडदा मला एकदम पांढरा दिसला. ऑपरेशनआधी तोच मला पिवळट दिसला होता. दवाखान्याच्या त्या खुर्चीतच तुमची आठवण आली. तुमच्याही डोळ्यांत हेच असणार.

नेवाशाला एसटी स्टँडजवळच्या तुमच्या दुकानात मी आले तेव्हा आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं आणि मला गोधडीच्या टाक्यांपलीकडे काही येत नव्हतं. दुकानात दोन मशीन. चांगलं तुमचं, त्यावर मापाचे कपडे. माझं खडखडणारं, त्यावर साडीचे फॉल आणि दुमडपट्ट्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या शिवणीखाली गुंता झाला आणि मी पेचकस घेऊन बॉबिनची डबी खोलायला निघाले. तुम्ही जागेवरूनच ओरडलात. "ए बाई, हात काढ! खाली गुंता झाला म्हणून खालीच खुपसती व्हय? वरचा दोरा बघ आधी."

तुम्ही उठून आलात. कापड दाबणारा पाय वर उचललात, दोरा सगळा ओढून काढलात आणि पहिल्यापासून माझ्याकडून ओवून घेतलात. पाय खाली असताना ओवला तर दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसत नाही, वर सैल राहतो आणि खाली साठतो, हे त्या दिवशी कळलं. दोरा तुटला तर सुई बघायची, तिच्या दांड्याची चपटी बाजू जिकडे हवी तिकडेच आहे ना, टोक बोथट झालंय का. मग बॉबिन. "स्क्रूला हात सगळ्यात शेवटी," तुम्ही म्हणालात. "स्क्रू फिरवला की मूळ बिघाड कुठं हुता, ते मलाबी न्हाई सांगता येणार." कपड्यांचे साचे तुम्ही जुन्या वर्तमानपत्रांतून कापायचात. दुपारी मी ते वाचत बसायची, अर्धी बातमी बाहीत, अर्धी गळ्यात. तुम्ही हसून म्हणायचात, "हिला कापड कमी, कागद जास्त लागतो."

दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तुम्ही नवी सुई लावायचात. तो तुमचा नेमच. शेवटच्या वर्षी मला दिसायला लागलं की तुमचा दोरा शुक्रवारीच तुटतो. तुम्ही परत येता, पायडल मारता, दोरा तुटतो. तुम्ही दोरेवाल्याला नावं ठेवता. आणि मग ज्या स्क्रूला हात लावू नको म्हणून मला शिकवलं, तोच फिरवत बसता. एकदा तुम्ही गेल्यावर मी बघितलं. सुई उलटी. मी ती सरळ करून ठेवली. तुम्ही येऊन शिवलंत आणि खूश झालात. "बघ, सकाळी तेल दिलं, ऐकली का न्हाई?" मी म्हटलं, "ऐकली."

असं चार-पाच महिने चाललं. तुम्हाला सांगायला जीभ रेटत नव्हती. सुई एका झटक्यात ओवणारा माणूस म्हणून गावात तुमचं नाव. मी म्हणायची, मोठ्या माणसाला डोळ्यांवरून कसं बोलायचं.

मग सलग तीन शुक्रवार सुई तशीच उलटी राहिली. एका गिऱ्हाइकाची पँट तुमच्या हातून खराब झाली आणि त्यानं ती तुमच्यासमोर गल्ल्यावर टाकली. तुम्ही ती उचलून घडी घातलीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "ही म्हातारी झाली. माझं ऐकत न्हाई. तुझं ऐकती का बघ, घेऊन जा घरी." टेम्पोतून मशीन घरी आणलं, सुई फिरवली, ते मुकाट चालायला लागलं. त्यावर मी पोरगा शिकवला. तुम्ही मात्र दुकानाच्या पायरीवर नुसते बसून राहायचात. दोन वर्षं बसलात. कुणी एका वाक्यानं तुम्हाला दवाखान्यात पाठवलं असतं, तर ती दोन वर्षं तुम्ही शिवत राहिला असतात.

ते तीन शुक्रवार मी विसरले नव्हते. पोराला ताप होता, उशीर झाला, असं मी स्वतःला सांगत आले. ताप एकदाच होता. बाकीचे दोन्ही शुक्रवार मी तुमच्या मशीनपाशी गेले, सुईच्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि माझ्या जागेवर येऊन बसले. फॉल लावून मी कंटाळले होते. मला तुमच्या मशीनवरची ती जागा हवी होती. तुम्ही ती मायेनं द्याल, हे ठाऊक नव्हतं.

तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे तिलाही पाठवणार नाही. ईदेला ती न चुकता फोन करते आणि म्हणते, "अब्बांचं काम तुम्ही पुढं चालवलंत." मी तिला कधी थांबवत नाही. मला ते ऐकायला आवडतं, मास्तर.